कोळशाच्या तंतूंची सायकल

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळी, भक्कम, पोलादी दांड्यांची सायकल. कुठे तिला दुधाच्या किटल्या लटकत असतात, तर कुठे तिच्या मागे चाऱ्याचा भारा बांधलेला असतो. अशी सायकल जुनी झाली म्हणजे गंजते, करकरते, क्वचित वाकतेही. पण सहसा मरत नाही. वाकली तर तिला सरळ करणारा, तुटली तर डाग देणारा कारागीर आपल्याकडे गावोगाव आहे. पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचे जे संग्रहालय उघडले, त्यात महायुद्धकाळातील छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही पाहावयास मिळते. इतक्या वर्षांच्या सायकली पुन्हा उभ्या करता येतात, याचे निम्मे श्रेय जतन करणाऱ्याच्या चिकाटीला असले, तरी उरलेले निम्मे पोलादाच्या सोशीक स्वभावाला दिले पाहिजे.

आज ज्या सायकलीविषयी बोलावयाचे आहे ती या कुळातली नव्हे. तिचा सांगाडा, म्हणजे ज्याला सारे फ्रेम म्हणतात तो, कोळशाच्या तंतूंचा आहे. कोळसा म्हणताच चुलीतला निखारा आठवू नये. एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यात जाळलेल्या बांबूचा तंतू वापरला होता, तो या घराण्याचा पूर्वज म्हणता येईल. आजचा कार्बन तंतू बहुधा एका कृत्रिम धाग्यापासून निघतो. हा धागा प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंशांवर भाजतात आणि मग प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता हजार अंशांच्या पलीकडे तापवितात. बाकीचे सारे उडून जाते आणि मागे राहतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन. केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका बारीक, पण ओढ सोसण्यात पोलादालाही मागे टाकणारा. असे हजारो तंतू राळेत भिजवून, थरावर थर देऊन नळी बनवितात. तिचे वजन पोलादाच्या पाचव्या हिश्शाइतके, आकारमान मात्र तेवढेच.

घाट चढणाऱ्यास वजनाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटापाशी गर्दी करून 'घाटाचा राजा' कोण होतो हे पाहणाऱ्या आपल्या लोकांना ते पुरते ठाऊक आहे. युरोपात १९८६ साली ग्रेग लेमाँड या अमेरिकन तरुणाने फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली ती कार्बनच्या सायकलीवर. कार्बनच्या सायकलीने ती शर्यत मारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर शौकिनांची नजर पोलादावरून ढळली. त्या काळच्या बहुतेक कार्बन सायकली आजच्यासारख्या एकसंध साच्यातून निघालेल्या नव्हेत. नळ्या कार्बनच्या, पण त्या जेथे एकमेकींस मिळतात ते सांधे ॲल्युमिनियमचे, आणि दोहोंना धरून ठेवणारा केवळ गोंद. या गोंदावरच पुढची सारी कथा अवलंबून आहे.

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत अशी एक सायकल गेल्या हिवाळ्यात मला हाताळावयास मिळाली. (मानसरोवर हे नाव ऐकून कोणी हंसांची कल्पना करू नये, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेली ही विस्तीर्ण वस्ती आहे, आणि २०१५ पासून तेथवर मेट्रो धावते.) माझे एक स्नेही, मूळचे सांगलीकडचे, तेथे मध्यम मार्गाच्या जवळ राहतात. त्यांचे धाकटे बंधू शिक्षणासाठी फ्रान्सला होते. परत येताना त्यांनी ही सायकल आणली. बंधू आता हयात नाहीत. सायकल माळ्यावर कापडात गुंडाळून होती. स्नेह्यांची नात महाविद्यालयात शिकते. ती एके दिवशी म्हणाली, "आजोबा, धाकट्या आजोबांची सायकल मी चालवू का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे तीन महिने गेले.

प्रथम वय ठरवावयाचे. सायकलीच्या भागांवर बारीक अक्षरे कोरलेली असतात, त्यांत पुष्कळ माहिती दडलेली असते. जपानच्या शिमानो कंपनीची रीत अशी की, दोन रोमन अक्षरांपैकी पहिले वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. १९७६ साठी 'ए' धरून पुढे क्रमाने मोजत जावे. आमच्या गिअरच्या मागल्या भागावर 'एम' आणि 'ई' ही अक्षरे होती. म्हणजे मे १९८८. गिअर बदलण्याच्या खुंट्या हँडलवर नसून खालच्या तिरप्या दांड्यावर होत्या, हेही या तिथीशी जुळले. ब्रेकच्या मुठीतूनच गिअर बदलण्याची शिमानोची सोय १९९० च्या सुमारास आली. तेव्हा कोणी हौसेने या सायकलीला तशी मूठ बसवील तर ते नऊवारीवर घातलेल्या बुटांसारखे दिसेल.

काळाशी इमान राखण्याचा हा आग्रह केवळ दिखाऊ नाही. त्यात मापांचाही प्रश्न येतो. सहा-सात दात्यांच्या चकत्यांच्या त्या काळी मागल्या चाकासाठी फ्रेममध्ये १२६ मिलिमीटरची जागा सोडीत. पुढे आठ चकत्या आल्या आणि ती १३० झाली. पोलादी फ्रेम असेल तर जाणता कारागीर तिचे पाय हळूच फाकवून नवे चाक बसवितो. गोंदाने जोडलेल्या फ्रेमवर हा प्रयोग करणे म्हणजे सांधा आपल्या हाताने उखडणे. तीच गोष्ट पायडलच्या धुरीच्या वाट्यांची. इंग्रजी पद्धतीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. इटालियन आणि जुन्या फ्रेंच पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. पाना लावण्यापूर्वी हे माहीत नसेल, तर जितका जोर अधिक तितके नुकसान अधिक.

मात्र जुने ते सारेच राखावे, या मताचा मी नाही. तारा, ब्रेकचे रबर, टायर, छर्रे आणि ग्रीस या वस्तू झिजण्यासाठीच जन्मलेल्या असतात. पस्तीस वर्षांचे रबर दगडासारखे होते आणि उतारावर ब्रेक दाबला असता चाकाला नुसते घासत राहते. मूळपणाच्या मोहाने ते तसेच ठेवणारे संग्राहक मी पाहिले आहेत. त्यांच्या सायकली भिंतीवर शोभतात.

रंगाचा मुद्दाही निघालाच. जवळच्या कारखान्यात पावडर रंग छान लागतो, असे कोणी सुचविले. पण तो रंग पक्का करण्यासाठी वस्तू दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतात. त्या उष्णतेत गोंदाची धडगत नाही. रंग उतरविण्याचे रासायनिक द्रावणही राळ खाते. पाण्याबरोबर बारीक पॉलिश कागद हाताने फिरविणे, तोंडाला फडके बांधणे (कारण कार्बनची धूळ फुप्फुसाला बरी नव्हे), आणि काळे तंतू दिसू लागण्याच्या आधी थांबणे, एवढाच मार्ग उरतो. आम्ही तोही धरला नाही. बंधूंच्या हातचे ओरखडे तसेच राहू द्यावेत, असे घरच्यांचे मत पडले.

आता गोंद. कार्बन वीजवाहक आहे, आणि धातूंच्या पंक्तीत त्याचे स्थान सोन्या-चांदीच्या जवळचे. त्याच्या शेजारी ॲल्युमिनियम असेल आणि मध्ये खारट ओल शिरली, तर तेथे एक लहानशी विद्युत्घटमालाच सुरू होते, आणि तीत झिजते ते ॲल्युमिनियम. झिजलेल्या धातूची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. ती फुगून सांधा आतून उचलते. म्हणून पुढील काळात दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा पातळ थर देऊ लागले. घामात मीठ असते, समुद्राच्या वाऱ्यातही असते. या दृष्टीने ही सायकल मुंबईऐवजी जयपूरच्या कोरड्या हवेत राहिली, हे तिचे भाग्यच. पण जयपूरचे ऊनही हिशेबात धरावे लागते. पत्र्याखालचा माळा ज्येष्ठात किती तापतो हे तेथील रहिवाशांनाच ठाऊक. आणि भट्टीवाचून घट्ट होणाऱ्या कित्येक राळी साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरम पडू लागतात.

तपासणीची साधी रीत म्हणजे नाण्याने हलके ठोकीत जाणे. निरोगी नळी खणखणीत बोलते. थर सुटले असतील तेथे आवाज बसका येतो, जसा पोचट नारळाचा. आमच्या नळ्या सर्वत्र खणखणीत बोलल्या. परंतु ही परीक्षा नळीची झाली, सांध्याची नव्हे. सांध्यासाठी डोळे आणि भिंग. स्वच्छ पुसून, दिवा तिरपा धरून पाहता हँडलच्या खालच्या सांध्यात, तिरपा दांडा जेथे शिरतो तेथे, रंगात केसाएवढी रेघ आढळली आणि तिच्या कडेला पिठासारखी पांढरी कणी. आठवडाभराने पाहिले तेव्हा पुसलेल्या जागी ती कणी नव्हती. कोरड्या दिवसांत रोग थांबला होता, बरा मात्र झाला नव्हता.

पोलाद तुटण्यापूर्वी पुष्कळदा वाकते, कुरकुरते. स्वारास सावध होण्यास अवसर देते. उखडलेला गोंद असा निरोप पाठवीलच याची खात्री नसते, आणि हा सांधा पुढच्या चाकाच्या अगदी वर. सांधा उकलून नव्याने जोडणारे तज्ज्ञ परदेशात आहेत. पण त्या खटाटोपात मूळ नळी वाचेलच, असे ते स्वतःही सांगत नाहीत.

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नातीला जवळ बोलावून ती रेघ भिंगातून दाखविली. तिने विचारले, "मग बाकीचे सामान तरी चांगले आहे ना?" ते खरोखरच चांगले होते. चाकांचा आऊट काढून झाला होता, छर्रे नवे बसले होते, गिअर टकटक वाजत घरात पडत होता. तेव्हा त्याच काळातील एक पोलादी शर्यती फ्रेम, १२६ मिलिमीटर जागेची, शोधावयाची असे ठरले. ती फाल्गुनात मिळाली. धाकट्या आजोबांची चाके, ब्रेक आणि गिअर आता तिच्यावर चढले आहेत, आणि रस्त्यांना रहदारी येण्यापूर्वी ती मुलगी रोज पहाटे शिप्रा पथावरून फेरी मारून येते. कार्बनची फ्रेम माळ्यावरून खाली आणून आतल्या सावलीच्या खोलीत टांगली आहे.