बालकास होणारे परमनाचे आकलन : संवाद व भाषा यांची भूमिका

प्रस्तावना

दूरध्वनीवर आजी विचारते, ‘जेवलास का?’ आणि तीन वर्षांचा नातू उत्तरादाखल नुसतीच मान डोलावतो. आपली मान आजीला दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येत नाही. आपल्याला जे दिसते व ठाऊक असते, ते दुसऱ्याला दिसत वा ठाऊक असेलच असे नाही, हे प्रौढांना इतके सहज वाटते की ते कधीतरी शिकावे लागले असेल याचे विस्मरण होते. बालकाला परमनाची ही जाण केव्हा येते आणि ती केवळ वाढत्या वयाने येते की संवादातून घडते, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व कसोटी

इतरांच्या ठायी इच्छा, हेतू व समजुती असतात आणि त्यांनुसार ते वागतात, हे जाणण्याच्या क्षमतेस मानसशास्त्रात ‘मनाचा सिद्धांत’ असे म्हणतात. डेव्हिड प्रेमॅक व गाय वुड्रफ यांनी १९७८ मध्ये चिंपांझीच्या संदर्भात ही संज्ञा रूढ केली. त्यावरील चर्चेत डॅनियल डेनेट आदी तत्त्वज्ञांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. दुसऱ्याची समजूत वस्तुस्थितीशी जुळत असेल, तर केवळ वस्तुस्थिती पाहूनही त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून खरी कसोटी लागते ती दुसऱ्याची समजूत चुकीची असताना.

हाइन्झ विमर व योसेफ पेर्नर या ऑस्ट्रियातील संशोधकांनी १९८३ मध्ये अशी कसोटी तयार केली. मॅक्सी नावाचा मुलगा निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. त्याच्या माघारी आई ते हिरव्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कोठे शोधेल? ३ ते ४ वर्षे वयोगटातील एकाही बालकास दोन्ही गोष्टींत अचूक उत्तर देता आले नाही. ४ ते ६ वर्षे वयोगटात हे प्रमाण ५७ टक्के, तर ६ ते ९ वर्षे वयोगटात ८६ टक्के आढळले.

दुसरी कसोटी याहून उद्बोधक आहे. गोळ्यांचा ओळखीचा डबा दाखवून ‘यात काय असेल?’ असे विचारले असता बालक ‘गोळ्या’ असे सांगते. डबा उघडल्यावर आत पेन्सिली निघतात. ‘उघडण्यापूर्वी तुला काय वाटले होते?’ या प्रश्नावर तीन वर्षांचे बालक बहुधा ‘पेन्सिली’ असेच उत्तर देते. ॲलिसन गॉपनिक व जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी १९८८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. येथे बालक खोटे बोलत नसते. क्षणापूर्वीची स्वतःची समजूतही त्याला ‘समजूत’ म्हणून वस्तुस्थितीपासून वेगळी करता येत नाही. म्हणजेच परमनाचे आकलन व स्वमनाचे आकलन या बहुतांशी एकाच वाटेवरील गोष्टी आहेत.

विकासाचे टप्पे

हेन्री वेलमन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. विविध देशांतील बालके वेगवेगळ्या वयात, परंतु सारख्याच क्रमाने चुकीकडून अचूकतेकडे जातात, असे त्यातून दिसले. त्याआधीचा टप्पा इच्छेच्या आकलनाचा असतो. ‘मला लाडू आवडतो, ताईला चिवडा’ हे बालकास लवकर उमगते. ‘मला ठाऊक आहे, ताईला ठाऊक नाही’ हे त्यानंतर आणि ‘ताईचा गैरसमज झाला आहे’ हे त्याहून उशिरा उमगते.

२००५ मध्ये क्रिस्टीन ओनिशी व रेने बैयार्जों यांनी पंधरा महिन्यांच्या बालकांच्या नजरेवरून त्यांनाही याची अंधूक जाण असावी, असे प्रतिपादन केले. नजरेवर आधारित अशा प्रयोगांची पुनरावृत्ती करणाऱ्या नंतरच्या अनेक प्रयत्नांना संमिश्र यश आले; त्यामुळे हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र ही जाण शब्दांत मांडता येणे व तिच्या आधारे उत्तर देणे साधारणतः चौथ्या-पाचव्या वर्षी साधते, याविषयी फारसे दुमत नाही.

संवादाचे स्थान

ही प्रगती केवळ वयामुळे होत असती, तर श्रवणक्षमतेमुळे तीत फरक पडण्याचे कारण नव्हते. परंतु कँडिडा पीटरसन व मायकेल सीगल यांनी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ८ ते १३ वर्षांच्या, सामान्य बुद्धिमत्तेच्या कर्णबधिर मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य मुले या कसोटीत अयशस्वी ठरली. याचे कारण बहिरेपणात शोधावे काय? २००७ मध्ये अमेरिकेतील १७६ कर्णबधिर बालकांच्या अभ्यासाने याचे उत्तर नकारार्थी दिले. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर होते व जन्मापासून सांकेतिक भाषेत बोलत होते, ती बालके ऐकू येणाऱ्या बालकांच्या बरोबरीने उत्तरे देत होती. ऐकू येणाऱ्या पालकांची कर्णबधिर बालके मात्र मागे होती. उणीव कानांची नव्हती, घरातील संवादाची होती.

निकाराग्वा येथील उदाहरण याला पुष्टी देते. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांमध्ये एक नवी सांकेतिक भाषा जन्मास आली. जेनी पायर्स व ॲन सेंघास यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार, या भाषेच्या पहिल्या पिढीतील प्रौढांकडे ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’ यांसारखी क्रियापदे अल्प होती आणि चुकीच्या समजुतीच्या कसोटीत ते तरुण पिढीच्या मागे होते. दोन वर्षांनी त्यांच्या भाषेत ही क्रियापदे वाढली, तेव्हा त्यांची कसोटीतील कामगिरीही सुधारली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, तीन वर्षांच्या बालकाच्या अनेक ‘हट्टां’मागे स्वार्थ नसून अपूर्ण आकलन असते, त्यास शिक्षा हा उपाय नव्हे. दुसरी, ‘आजीला वाटलं तू झोपलास’, ‘बाबांना अजून ठाऊक नाही, आपण सांगू या’ अशी घरातील साधी वाक्ये हेच या शिक्षणाचे पाठ होत. भातुकलीतील ‘खोटं खोटं’ जेवणही याच पाठाचा भाग आहे.

तिसरी बाब सर्वाधिक गंभीर आहे. कर्णबधिर बालकास लहानपणी पूर्ण भाषा न मिळाल्यास त्याची हानी शब्दसंपत्तीपुरती मर्यादित राहत नाही. माणसे समजून घेण्याची त्याची वाटही लांबते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा व तीत अभ्याससाहित्य निर्माण करण्याचा उल्लेख आहे. तथापि मॅक्सीच्या प्रश्नाचे उत्तर बालके शाळेच्या उंबरठ्यावरच शोधू लागतात. म्हणून सांकेतिक भाषा अभ्यासक्रमात येणे पुरेसे नाही. निदान होताच ती आईवडिलांना व घरातील भावंडांना शिकविण्याची व्यवस्था होणे अगत्याचे आहे.