आतड्याची दुर्बीण-तपासणी : वेदना का होतात, कशा कमी झाल्या

शौचावाटे रक्त पडू लागले की कोरेगाव परिसरात बहुधा घरच्या घरीच निदान होते : मूळव्याध. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु मोठ्या आतड्यातील गाठीचे किंवा कर्करोगाचेही हेच पहिले लक्षण असू शकते. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुचविली की ‘फार दुखते म्हणे’ एवढ्यावरच ती महिनोन् महिने लांबणीवर पडते. ही भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही.

आश्चर्य असे की, आतड्याच्या अंतस्त्वचेचा तुकडा काढला तरी रुग्णाला ते जाणवत नाही. जाणवतो तो ताण. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि डाव्या बाजूचा त्याचा नागमोडी भाग मोकळा हलता असतो. दुर्बीण नुसती पुढे रेटली, तर टोक जागीच राहून नळीचा वेढा पडतो, आतडे ताणले जाते व त्याला धरून ठेवणारा पडदाही ओढला जातो. त्यातच आतडे फुगविण्यासाठी सोडलेल्या हवेची भर पडते.

काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवून दिले. लवचीक दुर्बीण त्यातूनच साकारली. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. वुल्फ व डॉ. शिन्या यांनी पोट न उघडता दुर्बिणीतूनच आतड्यातील गाठ काढली.

पुढील सुधारणा वेढ्यावर रोखलेल्या आहेत. काही दुर्बिणींच्या नळीचा ताठपणा तपासणी चालू असतानाच कमी-अधिक करता येतो. कुशल डॉक्टर रेटत नाहीत. नळी किंचित मागे घेऊन, फिरवून वेढा सोडवितात, रुग्णाला कूस बदलावयास लावतात, साहाय्यकाकरवी पोटावर हात दाबून धरतात. हवेऐवजी कर्बद्विप्राणिद वायू वापरल्यास तो रक्तात लवकर शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो व नंतरची पोटफुगी टळते. काही ठिकाणी वायूऐवजी पाणी सोडतात. शिवाय गुंगीचे औषध असतेच. ते घेतल्यास सोबत माणूस हवा. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये.

वेदनेची आठवण हा निराळाच विषय आहे. रेडेलमायर, कॅट्झ व काहनेमन यांनी २००३ साली ६८२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत दुर्बिणीचे टोक अखेरीस थोडा वेळ गुदाशयात न हलविता ठेवले होते. तपासणी लांबली खरी, पण शेवट सौम्य झाल्याने या रुग्णांना ती कमी त्रासाची वाटली.

आता अनेकांना तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचे रेचक पिणेच अधिक जिकिरीचे वाटते. आतडे स्वच्छ नसेल तर उत्तम दुर्बिणीलाही काही दिसत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस कडधान्ये, पालेभाज्या व बिया वर्ज्य कराव्यात. कोरेगावच्या प्रसिद्ध वाघ्या घेवड्यालाही तेवढे दिवस रजा द्यावी लागते! रक्त पातळ करणारे किंवा मधुमेहाचे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना आगाऊ सांगावे.