पहिलं बक्षीस ट्रॉम्बोनला

१९७८ साली बीबीसीनं शाळकरी वयाच्या वादकांसाठी पाश्चात्त्य अभिजात संगीताची स्पर्धा सुरू केली. त्या वर्षी पियानोच्या गटात पहिला आला होता स्टीफन हफ. आज जगातल्या मोठ्या पियानोवादकांत त्याची गणना होते. पण अंतिम फेरी जिंकली मायकेल हेक्स्ट या मुलानं, आणि तीही ट्रॉम्बोनवर! आपल्याकडे वरातीपुढच्या बँडमध्ये सरकत्या नळीचं जे पितळी वाद्य दिसतं, तेच हे.

‘बीबीसी यंग म्युझिशियन’ ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. वय अठरापर्यंत, आणि वाद्यांचे पाच गट: तंतुवाद्यं, लाकडी सुषिरवाद्यं, पितळी वाद्यं, पियानो आणि तालवाद्यं. तालवाद्यांना स्वतंत्र गट मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं. गायकांना मात्र इथं प्रवेशच नाही. संगीत स्पर्धा म्हटलं की आधी गाणं आठवणाऱ्या मराठी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल. शिवाय प्रेक्षकांचे एसएमएस नाहीत, निकाल परीक्षकच देतात.

खरी कसोटी शेवटच्या फेरीत. तिथं वादकाला पूर्ण वाद्यवृंदासोबत ‘कन्चेर्टो’ सादर करावा लागतो. कन्चेर्टो म्हणजे एका प्रमुख वाद्यासाठी आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली दीर्घ रचना. बहुतेकदा तीन-चार भागांची. बहुतेकदा समोर स्वरलिपी न ठेवता दीर्घकाळ वाजवायचं, मागे साठ-सत्तर व्यावसायिक वादक आणि सगळा खेळ टीव्हीवर. अनेक नामवंतांनाही तरुणपणी अशी संधी मिळालेली नसते. बक्षिसापेक्षा ही एक संध्याकाळच जास्त मोलाची.

तिथं काय वाटेल ते घडू शकतं. २००० साली गाय जॉन्स्टन हा मुलगा संगीतकार शोस्टाकोविचचा पहिला चेलो कन्चेर्टो वाजवत असताना त्याच्या चेलोची तार तुटली. त्यानं नवी तार चढवली, पुन्हा सुरुवात केली आणि स्पर्धा जिंकली. सोळा वर्षांनी लंडनच्या बार्बिकन सभागृहात हीच रचना वाजवून शेकू कान्ने-मेसन जिंकला. नॉटिंगहॅमच्या सरकारी शाळेत शिकणारा, सात भावंडांतला तिसरा, वय सतरा. या स्पर्धेचा तो पहिला कृष्णवर्णीय विजेता. २०१८ च्या मे महिन्यात राजपुत्र हॅरीच्या लग्नात त्याचा चेलो जगानं ऐकला.

त्या २०१६ च्या अंतिम फेरीत त्याच्यासमोर होते सॅक्सोफोनवादक जेस गिलम आणि हॉर्नवादक बेन गोल्डशायडर. दोघं हरले, पण आज दोघंही व्यावसायिक एकलवादक आहेत. २००४ मध्ये तर अकरा वर्षांचा बेंजामिन ग्रॉव्हनर पियानो गटात पहिला आला. विजेतेपद मात्र सोळा वर्षांच्या निकोला बेनेडेट्टीच्या व्हायोलिनला मिळालं. पुढे ग्रॉव्हनर नामांकित पियानोवादक झाला आणि बेनेडेट्टी २०२२ पासून एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सवाची संचालक आहे. अशा वेळी परीक्षकांनी नेमकं काय तोललं असेल? व्हायोलिन आणि ट्रॉम्बोन एकाच तराजूत घालणं मुळातच अवघड. २००८ मध्ये पुन्हा ट्रॉम्बोनच जिंकला, आणि वाजवणारा पीटर मूर होता अवघा बारा वर्षांचा! अठराव्या वर्षी तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात दाखल झाला.

पण या फेरीपर्यंत पोचायला वाद्य हवं, गुरू हवा आणि वर्षानुवर्षं शिकवणीचा खर्च हवा. ब्रिटनच्या सरकारी शाळांमधलं संगीतशिक्षण आटत चालल्याची तक्रार तिथं बराच काळ ऐकू येते. २०१८ मध्ये स्पर्धेला चाळीस वर्षं झाली, तेव्हा आधीच्या विजेत्यांनी एकत्र येऊन जाहीर मागणी केली. ती स्पर्धकांसाठी नव्हती. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला एखादं वाद्य मोफत शिकायला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.