अमेरिकेंतील ‘रँचेरो’ गाडी

बैलगाडीचें एक सुख असें कीं, आज तिच्यांतून खत नेलें तरी उद्यां ती धुवून त्याच गाडींतून मंडळी जत्रेस जातात. मोटारीचें तसें नाहीं. नेमकी हीच अडचण १९३२ सालीं ऑस्ट्रेलियांतील गिप्सलँड भागांतल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीस पत्रानें कळविली, असें सांगतात. रविवारीं पावसांत न भिजतां ख्रिस्ती देवळांत जातां यावें व सोमवारीं त्याच गाडींतून डुकरें बाजारास नेतां यावीं, एवढेंच तिचें मागणें होतें. जिलाँग येथील कारखान्यांत लुईस बँट नांवाचा तरुण गाड्यांचे नमुने आंखीत असे. त्यानें पुढें बंद मोटार व मागें उघडा हौदा, अशी एकजीव गाडी आंखली. ती १९३४ सालीं विक्रीस आली.

अमेरिकेंत फोर्डनें अशी गाडी १९५७ सालच्या गाड्यांत आणली व नांव ठेविलें ‘रँचेरो’. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळीं गुरेंढोरें बाळगणारा शेतकरी. शेवरोले कंपनीची ‘एल कामिनो’ दोन वर्षांनीं मागाहून आली, परंतु पुढें नांव तिचेंच गाजलें.

१९६० सालची रँचेरो साधी होती. सहा सिलिंडरांचें इंजिन व शक्ति ९० अश्व. मग त्या देशांत जोरदार मोटारींचें वेड पसरलें. १९७० च्या रँचेरोंत ४२९ घनइंचांचें, आठ सिलिंडरांचें इंजिन घेतां येई. त्याची शक्ति कागदोपत्रीं ३७० अश्व! दहा वर्षांत चौपट. डुकरें कांहीं चौपट नेतां येत नव्हतीं. वजनदार इंजिन पुढें आणि रिकामा हौदा मागें, त्यामुळें जोर लावतांच मागचीं चाकें जागच्या जागीं फिरत. उलाळ गाडीच्या अगदीं उलट प्रकार हा. आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत नोंदी सदरवार लावण्यांत गेलें, तरी ही गाडी कोणत्या सदरीं लिहावी तें आम्हांस ठरवितां येत नाहीं. मालाची म्हणावी तर माल थोडा. स्वारीची म्हणावी तर माणसें तीन.

१९७३ सालीं तेल महागलें. ज्यांस खरोखर ओझें वाहावयाचें होतें त्यांनीं उंच, दणकट पिकअप पत्करली. १९७९ नंतर रँचेरो निघाली नाहीं. एल कामिनो १९८७ पर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियांत मात्र बँटच्या गाडीचा वंश फोर्डच्या कारखान्यांतून २०१६ सालापर्यंत निघत होता. तेथें तीस ‘यूट’ म्हणतात.