विंचवाचं बिऱ्हाड

माझी लेक आठ वर्षांची असताना रोज रात्री मी तिला लॉरा इंगल्स वाइल्डरच्या गोष्टी वाचून दाखवत असे. गाडीला घोडे जुंपले की गोष्टीतले बाबा खूश, आणि आमची लेकही खूश! एका रात्री मात्र तिनं मध्येच थांबवून विचारलं, ''आई, पण त्या आईला जायचं होतं का गं?''

मला उत्तर देता येईना. त्या प्रश्नाचं बोट धरूनच मी लॉराच्या आईच्या, कॅरोलाइनच्या, घराण्याची हकीगत धुंडाळू लागले.

कॅरोलाइन क्वाइनरचा जन्म १८३९ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला. ती पाच वर्षांची असताना मिशिगन सरोवरात जहाज बुडून वडील गेले. काही वर्षांनी आईनं दुसरं लग्न केलं. कॅरोलाइन शिकली आणि विशीच्या आतच शाळेत शिकवू लागली. १८६० मध्ये शेजारच्या इंगल्सांच्या चार्ल्सशी तिचं लग्न झालं. गंमत म्हणजे तिच्या भावानं चार्ल्सची बहीण केली होती, आणि चार्ल्सच्या भावाला तिची बहीण दिली. आपल्याकडच्या साट्यालोट्यालाही मागे टाकील असं हे गोत!

चार्ल्सच्या पायाला मात्र भिंगरी होती. सरकारनं १८६२ मध्ये कायदा केला होता. पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट. दावा लावायचा तो घरच्या कर्त्यानं. लग्न झालेल्या बाईला सहसा स्वतःच्या नावानं तो लावता येत नसे. म्हणजे जमीन त्याच्या नावावर आणि चूल मांडायची हिनं!

मेरी आणि लॉरा या दोन लहान मुलींना घेऊन ती कॅन्ससला गेली. तिथं १८७० मध्ये कॅरी झाली. पण ज्या जमिनीवर घर बांधलं, ती होती ओसेज लोकांची. १८७१ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिनला परतलं. ओसेजांना मात्र आपली भूमीच सोडून दक्षिणेला जावं लागलं. एकाचं बिऱ्हाड मांडायचं म्हणून दुसऱ्याचं उठवलं जात होतं, हे ती गोड पुस्तकं वाचताना विसरून चालत नाही.

पुढे १८७४ मध्ये मिनेसोटा. तिथं टोळधाडीनं उभा गहू फस्त केला. १८७६ मध्ये आयोवाची वाट धरली. वाटेत ते थांबले चार्ल्सच्या भावाकडे, म्हणजे कॅरोलाइनच्या सख्ख्या बहिणीच्या घरी. एकाच उंबऱ्यात सासर आणि माहेर! तिथंच तिचा एकुलता एक मुलगा फ्रेडी गेला. जेमतेम नऊ महिन्यांचा होता. त्याला त्या मातीत ठेवून तिला पुन्हा गाडीत बसावं लागलं.

लॉराच्या कादंबऱ्यांत फ्रेडी कुठेच नाही. २०१४ मध्ये लॉराचं मूळ आत्मकथन छापलं गेलं, त्यात तो आहे. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

१८७७ मध्ये धाकटी ग्रेस झाली. १८७९ मध्ये आजारपणात मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी सारे डाकोटात, पुढे डी स्मेट म्हणून वसलेल्या ठिकाणी, पोचले. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फानं आगगाड्या महिनोन्महिने अडल्या, गाव उपासमारीच्या कडेला आलं. चार्ल्सला तरीही आणखी पश्चिमेला जायचं होतं. पण लॉराच्या पुस्तकात तो तिला सांगतो, तुम्ही मुलींनी शाळा शिकायची असं मी तुझ्या आईला वचन दिलंय.

हेच ते उत्तर! कधीकाळची ती मास्तरीणबाई शाळेसाठी अडून बसली. १८८१ मध्ये मेरी आयोवातल्या अंधांच्या शाळेत दाखल झाली आणि १८८९ मध्ये शिक्षण पुरं करून बाहेर पडली. लॉरा शाळामास्तरीण झाली आणि पुढे लेखिका.

१८८७ मध्ये चार्ल्सनं डी स्मेट गावात घर बांधलं. १९०२ मध्ये तो गेला. त्यानंतर बावीस वर्षं, १९२४ मध्ये डोळे मिटेपर्यंत, कॅरोलाइन तिथंच राहिली. ते घर आजही उभं आहे.

लेक आता मोठी झाली आहे. तिला हे सारं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ''म्हणजे तिला विचारलं असतं, तर तिनं आधीच सांगितलं असतं.''