माथेरानची माती लाल का?

वाकोल्यात एखादं कुटुंब माथेरानहून परतलं की शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. दारातल्या चपला-बुटांवरची लाल धूळच सांगते. नेरळहून वर चढताना घाटात दगड मात्र काळा दिसतो. मग माथ्यावरची माती लाल कशी?

दगड मूळचा एकच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला, लोहयुक्त बेसॉल्ट. सुमारे 800 मीटर उंचीवरचा माथेरानचा माथा बराचसा सपाट, त्यामुळे पावसाचं पाणी लगेच वाहून न जाता दगडात मुरतं. लाखो वर्षं मुरणारं हे पाणी त्यातला चुना, सोडा, सिलिका विरघळवून नेतं. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम सहसा विरघळत नाहीत. चहा गाळल्यावर चोथा उरावा, तसे ते मागे उरतात. या लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ते गंजतं. तोच हा लाल रंग. कोकणात घरं बांधतात तो जांभाही असाच तयार झाला.

उतारावर पाण्याला मुरायला सवड नाही, आणि झालेली मातीही घसरून जाते. म्हणून तिथे काळा दगड उघडा राहतो.

दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे पायपीट अटळ आणि धूळही. गंज पाण्यात विरघळत नाही. तेव्हा घरी आल्यावर बूट आधी नीट वाळू द्या, कोरड्या ब्रशने झटका आणि मगच धुवा. ओले असताना घासलेत, तर बारीक कण कापडात आणखी रुततील.