क्रेनच्या सिलिंडरची दुरुस्ती

अवजड ओझी उचलणाऱ्या क्रेनची भुजा सिलिंडरमधील ज्या तेलाच्या दाबावर तोलली जाते, तो दाब कोंडून धरण्याचे काम रबराच्या वा पॉलियुरेथेनच्या लहानशा सीलकडे असते. १७९५ साली जोसेफ ब्रामा यांनी जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही दट्ट्याभोवतीची गळती थोपवणे हाच सर्वांत बिकट प्रश्न होता.

उचललेला भार आपोआप खाली उतरू लागला, की सील बदलून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु दोष पुष्कळदा झडपेत असतो, म्हणून तिची तपासणी आधी व्हावी. मग सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याच्या क्रोमच्या मुलाम्यावरून नख फिरवावे, आणि ते जेथे अडेल तेथे नवे सीलही फार काळ टिकणार नाही, हे निश्चित समजावे. असा दांडा घासून त्यावर पुन्हा मुलामा चढवणे आणि सिलिंडरच्या नळीच्या आतील ओरखडे होनिंगने, म्हणजे आतून बारीक घासून, काढणे, हीच खरी दुरुस्ती. सील बसवणे हे त्यानंतरचे काम.

मात्र भुजा जमिनीवर टेकवून दाब पूर्णपणे उतरवल्याखेरीज एकही जोड सैल करू नये, आणि सूक्ष्म गळती तर बोटाने कदापि चाचपू नये. केसाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढीच दिसते, आणि तरीही तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.